आयईएलटीएस रायटिंगला ६ च येतायत, व्होकॅब नेमकं कसं वाढवायचं?

निशिगंध: मी नर्स आहे, यूकेला जायचंय, म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय. एनएमसीला (तिकडची नर्सची नोंदणी करणारी संस्था) रायटिंगमध्ये ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात, बाकीचं झालं पण रायटिंग दोनदा ६ वरच. रोज ड्युटीवरून आल्यावर ३० नवीन शब्द पाठ करते, अर्थासकट वही भरलीये, पण निबंध लिहायला बसलं की एकही आठवत नाही आणि आठवला तर ओढूनताणून घातल्यासारखा वाटतो. खूप टेन्शन आलंय, प्लीज सांगा कुणीतरी.

डोंगरवाट: ताई, आधी ती ३० शब्दांची वही बंद करा. मार्किंगचे चार निकष असतात, प्रत्येकाला २५ टक्के, शब्दसंपत्ती त्यातला एक, आणि त्यातही अवघड शब्द किती वापरले हे कुणी मोजत नाही, शब्द योग्य जोडीने आलाय का ते बघतात. आपण मुसळधार पाऊस म्हणतो, मुसळधार थंडी म्हणत नाही ना, थंडी कडाक्याची, तसंच तिकडे हेवी रेन चालतं, स्ट्राँग रेन नाही. आपले मार्क जातात ते मराठीतून उचलून लिहिल्यामुळे. परीक्षा दिली म्हणून ‘गेव्ह द एक्झाम’, जनजागृती केली म्हणून ‘डिड अवेअरनेस’. तिथे टूक द एक्झाम, रेज्ड अवेअरनेस पाहिजे. शब्द सुटा लिहूच नका, जोडी लिहा, जमल्यास अख्खं वाक्य.

पहाटपाळी: +१. आणि यादी हवीच असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट घे, २००० सालची आहे, ५७० शब्दकुळं, १० भागांत, पहिल्या भागात सगळ्यात जास्त वापरले जाणारे. दिवसाला ५ च घे पण कुळासकट, म्हणजे अ‍ॅनलाइझ, अ‍ॅनॅलिसिस, अ‍ॅनॅलिटिकल तिन्ही, कारण निबंधात नेमकं नामाच्या जागी क्रियापद पडतं. अँकीवर (फ्लॅशकार्डचं अ‍ॅप) कार्ड करताना वाक्यातला शब्द गाळून ठेव, नुसता अर्थ नको.

निशिगंध: दोघांचे खूप आभार 🙏 आत्ता जुना निबंध काढून बघितला, ‘डिड अवेअरनेस’ खरंच दोन ठिकाणी आहे. स्पेलिंग चुकलं तर पण याच निकषात जातं का?

डोंगरवाट: हो, याच्यातच. म्हणून कार्ड वाचू नका, हाताने लिहून बघा. आणि निबंधाच्या ४० मिनिटांतली शेवटची ३ फक्त स्पेलिंगसाठी ठेवा. पुढचा निबंध इथे टाका, मी जोड्या तपासून देतो.