शिसवी झोपाळ्याची फळी, उलटसुलट रेषा आणि दातेरी रंधा

करवीरचा_हौशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, पोटापाण्याला नोकरी आणि हौसेला सुतारकाम. शुक्रवार पेठेतील आमच्या एका नातेवाइकांचा वाडा उतरवला, तेव्हा झोपाळ्याची शिसवी फळी माझ्या वाट्याला आली. ती साडेचार फूट लांब, 22 इंच रुंद आणि एकसंध आहे. इतक्या वर्षांत फळीला मधोमध सुमारे एक सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) खोलगटपणा आला आहे. एवढी रुंद फळी इथल्या रंधा मशिनीत जात नाही, आणि ती चिरून पुन्हा जोडण्याचे माझ्या जिवावर येते.

साध्या रंध्याने काम सुरू केले, परंतु शिसवीची रेषा, म्हणजे तंतूंचा कल, पट्ट्यापट्ट्याने दिशा बदलते. एका पट्ट्यावरून रंधा सुरेख जातो आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या पट्ट्यात तंतू मुळासकट उपटले जाऊन खड्डे पडतात. फळी उलटी फिरवून रंधा मारला, तर खड्डे पहिल्या पट्ट्यात पडतात, एवढाच काय तो फरक.

मध्यंतरी भंगारात एक जुना लाकडी रंधा मिळाला. त्याचे पाते जवळजवळ उभे बसते, वर जोडपाते (पात्यावर बसणारे, ढलपी मोडणारे दुसरे पाते) नाही, आणि पात्याच्या एका बाजूवर कंगव्यासारख्या बारीक उभ्या खाचा आहेत. हा दातेरी रंधा अशाच लाकडासाठी असतो असे वाचल्यावर मी उत्साहाने पात्याला धार लावली, मात्र नेहमीच्या सवयीने खाचांची बाजूही सहाणेवर सपाट घासली. आता दात बोथट दिसतात, रंधा फळीवर थरथरत जातो आणि आडव्या बारीक लाटा उमटतात. पाते वाया गेले का? रंधा थरथरतो तो दातांमुळे की अन्य कशामुळे? आणि फळीवर तो कोणत्या दिशेने चालवावा?

सहाणवाला

पाते वाया गेलेले नाही, मात्र खाचांची बाजू यापुढे सहाणेला लावू नका. या पात्यात दात वेगळे कापलेले नसतात. खाचा पात्याच्या लांबीत बऱ्याच वरपर्यंत गेलेल्या असतात, आणि मागच्या बाजूने धारेचा तिरपा उतार घासला की प्रत्येक खाच धारेला येऊन मिळते व दोन खाचांमधला उंचवटा दात होतो. म्हणजे धार लावाल तितक्या वेळा दात आपोआप नवे होतात. आपण उंचवट्यांचे माथे घासून रुंद केले आणि खाचा उथळ केल्या, एवढेच घडले आहे. खाचा पूर्ण खोलीच्या दिसतात तिथपर्यंत उतार मागे न्या, म्हणजे दात परत मिळतील.

उद्यमनगरात (कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत) ग्राइंडरवर हे काम पाच मिनिटांत होईल, पण तिथे उभे राहून करून घ्या. जुन्या पात्यांत बहुधा मऊ लोखंडाला पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो आणि खाचा त्या पोलादी बाजूवरच असतात. सुमारे 300 अंश सेल्सियसला पोलादावर निळी झाक येते. ती दिसली की तेवढ्या भागाचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरले म्हणून समजा. दर दोन-तीन फेऱ्यांनी पाते पाण्यात बुडवायला सांगा.

घरी सहाणेवर केवळ उतार घासा. धारेवर बर (पोलादाची वाकलेली बारीक कोर) येईलच, आणि ती काढण्यासाठीच आपण पाते उलटे घासले असणार. इथे रीत वेगळी आहे. सागवानाच्या तुकड्याच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे तंतूंची टोके दिसतात तिथे, पाते उभे धरून लाकडी मोगरीने दोन-तीनदा हलके ठोका. दात लाकडात किंचित रुततात आणि बर तुटून तिथेच राहते. लाकडावर उमटलेली ठिपक्यांची ओळ पाहिली की कोणता दात बसका आहे तेही कळते.

आता थरथरीविषयी. माझ्या मते यात दातांचा दोष थोडा आणि बैठकीचा, म्हणजे पाते मागे जिथे टेकते त्या जागेचा, अधिक आहे. साध्या रंध्याचे पाते 45 अंशांच्या आसपास कललेले असते, त्यामुळे कापतानाचा रेटा त्याला काही प्रमाणात बैठकीवर दाबून धरतो. आपले पाते 80 अंशांच्या घरात असेल. तिथे हा रेटा पात्याच्या खालच्या टोकाला थेट मागे ढकलतो, आणि तोंडाजवळ (तळाच्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिथे) पाते व बैठक यांत कागदाएवढी जरी फट असली तरी पाते तेवढे मागेपुढे होत राहते. दिव्याच्या ज्योतीवर बशी धरून काजळी जमवा आणि पात्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे खाचा नसलेल्या बाजूला, तिचा अगदी पातळ हात फिरवा. मग पाते बसवून पाचर ठोका व पुन्हा काढा. बैठकीवर काळे डाग वरच उमटले आणि तोंडाजवळ लाकूड कोरे राहिले, तर पटाशीने वरचे उंचवटे केसाकेसाने उतरवा. पाचरीचे दोन्ही पायही खालपर्यंत सारखे दाबले गेले पाहिजेत. एक पाय ढिला असेल तर पाते त्या बाजूला फिरते.

रंध्याचा तळ सपाट करायचा असेल तर जाड काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासा, परंतु पाते थोडे वर ओढून पाचर नेहमीइतकी घट्ट ठोकलेली ठेवा. पाचरीच्या ताणाने रंध्याचा ठोकळा किंचित फुगतो. पाचर काढून सपाट केलेला तळ, पाचर ठोकल्यावर सपाट राहील याची खात्री नसते.

फळीवर आधी कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका चालवा, मग दुसऱ्या कोपऱ्यातून तितकाच. आपल्या फळीच्या दोन्ही कडा उंच आहेत, त्यामुळे सुरुवातीला केवळ कडांजवळ दातांच्या जाळीदार रेघा दिसतील आणि मधला भाग कोरा राहील. रेघा जसजशा मध्याकडे सरकतील तसतशी फळी सपाट होत असल्याचे डोळ्यांनी दिसेल. एक-एक दात दोऱ्यासारखा बारीक पट्टा खरवडतो, त्यामुळे तंतूंना उचलून पुढे चीर जाण्याइतकी रुंद ढलपी तयारच होत नाही, आणि म्हणून रेषा कोणत्याही दिशेची असली तरी खड्डे पडत नाहीत. अर्थात काम हळू होते, आणि ढलप्यांऐवजी भुसाच निघतो.

सरसवाला

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. हा रंधा पाश्चात्त्य देशांत मुख्यतः व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवण्याच्या आधी वापरला जाई. फळीला दाते पाडले की सरस घट्ट धरतो, असे कारण तेव्हापासून सांगितले जाते. मला स्वतःला ते अर्धेच पटते. सांधा टिकतो तो दोन पृष्ठभाग सर्वत्र सारखे टेकल्यामुळे, आणि करवतीचे व्रण काढून तसा सारखेपणा आणण्याचे काम हा रंधा चोख करतो. मात्र हल्लीचे मशीनने सोललेले व्हेनिअर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्याखाली ठळक दाते राहिले तर पॉलिश केल्यावर तिरप्या उजेडात रेघा वर दिसतात. तिथे हा रंधा न वापरलेलाच बरा.

दुसरे असे की, रंध्याच्या तळाला मेण लावल्याने रंधा हलका चालतो हे खरे, परंतु जिथे पुढे सरस किंवा फेविकॉल लागणार आहे तिथे मेणाचा हात नको. आपल्या फळीला फक्त पॉलिशच होणार असेल तरी मेण आधी खरवडून निघाले पाहिजे, नाहीतर डाग धरतो.

पंचगंगाकाठी

पावसाळ्यात जपा. आमच्याकडे आषाढात ठोकळा इतका फुगला की पाचर निघेना, आणि ठोकता ठोकता ठोकळ्याच्या गालालाच चीर गेली. काम संपले की पाचर सैल करून ठेवत जा.

करवीरचा_हौशी

सर्वांचे मनापासून आभार. काजळीची परीक्षा केली. तोंडाजवळ जवळपास अर्धा इंच बैठक कोरी होती आणि पाते वरच्या एका गाठीवर टेकलेले होते. गाठ उतरवायला एक संध्याकाळ गेली. उतार सुमारे अडीच सूत मागे न्यावा लागला, तेव्हा खाचा पुन्हा पूर्ण खोल दिसू लागल्या.

फळीच्या खालच्या बाजूवर प्रयोग केला. थरथर गेली आणि दोन्ही तिरप्या दिशांनी चालवूनही एकही तंतू उपटला गेला नाही. मात्र दातांच्या रेघा पुसण्यासाठी मी घाईने पुन्हा साधा रंधा घेतला आणि एकदाच मारताच जुना खड्डा परत पडला. या रेघा पोलादी पट्टीनेच खरवडून काढायच्या का?

सहाणवाला

होय, पट्टीनेच. पट्टी नसेल तर आपले जुने सुतार फुटक्या काचेच्या धारेने खरवडतात, तेही चालेल. मात्र कोपरा रुतू देऊ नका आणि बोटांना कापड गुंडाळा. त्याआधी पाते अगदी किंचित बाहेर ठेवून रेषेच्या लांबीत दातेरी रंध्याचा शेवटचा हात मारा, म्हणजे तिरप्या रेघांची जाळी मोडते आणि खरवडायला उथळ, सरळ रेघाच उरतात. वरच्या बाजूला हात घालण्याआधी खालची बाजू पूर्ण तयार करून पाहा.