मदत हवी आहे: मेरीच्या ओढणीचा निळा तैलरंगात कसा आणायचा?

मंडळी, तैलरंगात काम करणाऱ्यांची मदत हवीये. पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार अंतोनेल्लो दा मेस्सिना, त्याच्या 'व्हर्जिन अननशिएट'ची मूळ मापात नक्कल करतेय. साधारण १४७६ चं चित्र, सिसिलीत पालेर्मोच्या पालाझ्झो अबातेल्लिसमध्ये असतं, आणि आहे केवढंसं, ४५ बाय ३४.५ सेंमी फक्त. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो प्रसंग, पण देवदूतच दाखवलेला नाही! मागे नुसता काळोख, समोर पुस्तक, डाव्या हाताने गळ्याशी धरलेली निळी ओढणी आणि उजवा हात आपल्या दिशेने उचललेला, म्हणजे देवदूताच्या जागी बघणाराच उभा. मला हे इतकं आवडतं की दुसरं कुठलं चित्र घ्यायचं मनातच आलं नाही.

चेहरा जमतोय, हातही होईल, गाडी अडलीये ओढणीवर. फ्रेंच अल्ट्रामरीन हा गडद निळा सावलीत थेट काळा दिसतो आणि उजेडाच्या बाजूला टायटॅनियम व्हाइट मिसळला की खडूसारखा पांढुरका होतो. कपाळावर मधोमध ओढणीची उभी घडी आहे ना, तिथे तर सगळं सपाटच होऊन बसतं. शिवाय वाळल्यावर मधेमधे चमक नसलेले मॅट डाग पडतात. खालचा थर राखाडी ठेवू की निळाच? फ्लेक व्हाइट हा पांढरा वापरायचा नाहीये, त्यात शिसं असतं आणि घरात लहान मूल आहे. आणि डोंबिवलीच्या या पावसाळ्यात दोन थरांमध्ये किती थांबायचं?

प्रतिसाद:
ताई, अल्ट्रामरीन पारदर्शक रंग, त्याला उजेड खालून मिळायला हवा. घड्या आधी पांढरा आणि थोडा निळा घेऊन पूर्ण रंगवून घ्या, हव्यात त्याहून जरा उजळच, आणि तो थर वाळला की वरून नुसत्या अल्ट्रामरीनचे पातळ ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारे पारदर्शक थर, द्या, सावलीत जास्त, उजेडात एखादाच. वरच्या थरात पांढरा नको, सावलीत काळा तर अजिबात नको. अंतोनेल्लो फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडचा भाग) व्हान आयक या चित्रकाराकडे शिकला ही जुन्या चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीची गोष्ट आता कोणी मानत नाही, व्हान आयक १४४१ लाच वारला, पण थरावर थर चढवायची ती फ्लेमिश रीत त्याच्या कामात दिसतेच.

डागांवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं लगेच पुसून घ्या. वाळण्याचे दिवस मोजू नका, तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि दमट हवेत रेंगाळतो, बोटाला चिकटायचा थांबला की मगच पुढचा थर. बोर्ड कपाटात ठेवू नका, अंधारात तेल पिवळं पडतं. सध्याच्या अवस्थेचा फोटो टाका, त्या कपाळावरच्या घडीचा जवळून.