उन्हाळ्यात त्वचेला 'थंड' म्हणून काय लावता? खान्देशातल्यांनी अनुभव लिहावेत

तापीकाठ (जळगाव)
आखाजीला माहेरी आलेल्या भाचीने कोनाड्यात हिरव्या जेलची एक बाटली ठेवली होती. तिचे झाकण उघडताच पुदिन्याचा वास आला आणि मला आमच्या आजीची सहाण आठवली. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून झाले, की आजी चंदनाचे खोड उगाळून आम्हा मुलांच्या कपाळाला आणि मानेला लेप लावत असे, आणि "उनमा फिरू नको" हे तिचे अहिराणीतले बजावणे लेपासोबतच येत असे. बाटलीवर पुढे 'कूलिंग' असे ठळक छापलेले होते आणि कोरफडीचे चित्रही होते. मागची यादी चष्मा लावून वाचली, तेव्हा पाण्याच्या पाठोपाठ अल्कोहोल आढळले, आणि कोरफड सुगंधी द्रव्याच्याही नंतर होती. आपल्याकडे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे चित्रातली कोरफड बाटलीत नावापुरतीच असावी असा निष्कर्ष मी काढला. भाचीची त्वचा कोरडी आहे. लावल्यावर छान गार वाटते, पण थोड्याच वेळात गाल ओढल्यासारखे होतात, अशी तिची तक्रार आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. अशा हवेत आपापल्या त्वचेला काय मानवले आणि काय नाही, ते त्वचेच्या प्रकारासह लिहावे, ही विनंती.

औषधांचे दुकान (धुळे)
ताई, भाचीच्या तक्रारीचे उत्तर त्या यादीतच आहे. अल्कोहोल चटकन उडून जाते आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून क्षणभर गार वाटते, परंतु त्यासोबत त्वचेवरचा तेलकट थरही कमी होतो. पुदिन्यातल्या मेन्थॉलचा प्रकार आणखी निराळा आहे. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारे टीआरपीएम८ नावाचे प्रथिन असते. मेन्थॉल ते चेतवते, आणि मेंदूला थंडी असल्याचा निरोप जातो. शरीराचे तापमान मात्र त्याने उतरत नाही. हे प्रथिन २००२ च्या सुमारास डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांनी स्वतंत्रपणे ओळखले. तापमान आणि स्पर्श जाणवून देणाऱ्या अशा प्रथिनांवरील कामासाठी त्या दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले.

गिऱ्हाईक 'गार वाटणारे द्या' असे म्हणाले, की मी आधी त्वचा कशी आहे ते विचारते. तेलकट त्वचेला पाण्यात बनवलेले, हलके, शक्यतो नायसिनामाइड (जीवनसत्त्व ब-३ चा एक प्रकार) असलेले जेल चालते. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन आणि त्यावर साधे क्रीम बरे. ज्यांची त्वचा लगेच लाल होते त्यांनी मेन्थॉल, कापूर, निलगिरी आणि तीव्र सुगंध या चारांपासून दूर राहावे, विशेषतः दाढी किंवा थ्रेडिंग झाल्यावर.

कोकणातून शिरपूरला
माझ्या त्वचेचा प्रकार लग्नानंतर बदलला, असे म्हटले तर हसू नका. रत्नागिरीला घाम वाळतच नसे, कपाळ सदा तेलकट असे आणि क्रीम या वस्तूचा मला तिटकारा होता. शिरपुरात पहिल्याच उन्हाळ्यात ओठांच्या कडा फाटू लागल्या आणि घाम येतो की नाही हेच कळेनासे झाले. सासूबाईंनी समजावले की घाम येतोच, पण इथल्या हवेत तो दिसण्याआधीच सुकतो. तेव्हापासून माहेरच्या मैत्रिणींनी सुचवलेले कोणतेही उत्पादन मी थेट घेत नाही, कारण त्यांच्या दमट हवेत जे जेल पुरते, ते माझ्या चेहऱ्यावर इथे उरतच नाही. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीनमिश्रित गुलाबजल आणि लगेच त्यावर पातळ लोशन, एवढेच मी करते. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत लावले तर ते बाहेरून ओलावा मिळाला नाही म्हणून त्वचेतलाच ओढते, असे आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले होते.

केळीचा मळा (रावेर)
आमच्याकडे त्वचेचे दोनच प्रकार आहेत, रुमालाआडची आणि रुमालाबाहेरची.

तापीकाठ (जळगाव)
भाऊ, रुमालाबाहेरच्या त्वचेला तुम्ही काय लावता, तेही लिहा.

केळीचा मळा (रावेर)
सकाळी पाण्याची पाळी असते तेव्हा काहीच नाही, खरे सांगायचे तर. गेल्या वर्षी मुलीने सनस्क्रीन आणून दिले आणि मानेच्या मागे लावायला लावले. मला शंका एवढीच आहे की ते गार वाटत नाही, उलट चिकट वाटते, तर त्याचा उपयोग काय?

औषधांचे दुकान (धुळे)
दादा, सनस्क्रीनचे काम गार करणे नसून अतिनील किरण अडवणे आहे. एसपीएफ ३० म्हणजे त्वचा लाल करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, आणि एसपीएफ ५० ने सुमारे ९८ टक्के, म्हणजे दोन्हींत फरक फार थोडा आहे. खरा फरक पडतो तो प्रमाणाने. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे लागते आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. घाम पुसला तर त्याआधीही. चिकटपणा नको असेल तर जेलच्या स्वरूपातले मागा. मेन्थॉल घातलेली 'कूल' सनस्क्रीनही मिळतात, परंतु त्यात एक धोका मला दिसतो. गार वाटत असल्यामुळे माणूस उन्हात जास्त वेळ थांबतो, आणि ऊन काही कमी झालेले नसते.

वाळा-वेडी
जळगावात खरा वाळा कुठे मिळतो, कोणी सांगेल का? मागच्या वेळी आणलेल्या मुळ्यांना वासच नव्हता. मला त्या माठातही टाकायच्या आहेत आणि अंघोळीच्या पाण्यातही.

सुभाष चौकाजवळ
काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात विचारा, आणि मूठभर मुळ्या ओल्या करून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चंदनाचेही तसेच आहे. भुकटी घेण्यापेक्षा खोड घ्या. रक्तचंदन हे वेगळ्याच झाडाचे लाकूड असते आणि त्याला चंदनाचा सुवास नसतो, तरी 'चंदन' म्हणून तेच हातात ठेवणारे भेटतात.

दोघी बहिणी (भुसावळ)
आमच्या घरात मुलतानी मातीवरून दर उन्हाळ्यात वाद होतो. माझी त्वचा तेलकट, नाकावर मुरमे येणारी. आठवड्यातून एकदा गुलाबजलात कालवलेली माती लावली की चेहरा हलका होतो. त्याच वाटीतली माती धाकटीने लावली की तिच्या गालांवर पांढरट पापुद्रे दिसू लागतात. माती तेल शोषते, आणि धाकटीकडे शोषण्यासारखे तेल मुळातच कमी आहे. आता ती मातीऐवजी दूध-साईचा हात फिरवते, आणि मी माती पूर्ण सुकून तडकण्याआधीच धुऊन टाकते, कारण गारवा लेप ओला असेपर्यंतच असतो. शेजारच्या काकू त्यात लिंबू पिळायला सांगतात. ते मात्र कोणी करू नये, असे मला ठामपणे वाटते. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येऊन मागे काळे डाग राहू शकतात.

नवा बाबा (चाळीसगाव)
मुलगा आठ महिन्यांचा आहे. पाठीवर आणि मानेच्या घड्यांत घामोळ्या आहेत. आई म्हणते गार पावडर लाव, बायको म्हणते खोबरेल लाव. दोघीही हे वाचत आहेत, त्यामुळे उत्तर जपून द्यावे.

औषधांचे दुकान (धुळे)
दोघींचाही मान राखून लिहिते. घामाच्या नलिकांची तोंडे बुजतात, म्हणून घामोळ्या उठतात. त्यावर तेल चोळल्याने ती आणखी बुजतात. मेन्थॉल किंवा कापूर असलेली कोणतीही पावडर वा मलम दोन वर्षांखालील मुलाला लावू नये, आणि साधी पावडरही उडून श्वासात जाते. कोमट-गार पाण्याने अंघोळ, टिपून कोरडे करणे, सैल सुती झबले आणि हवेशीर खोली एवढ्याने बहुतेक घामोळ्या बसतात. कॅलामाइन लोशनमध्ये झिंक ऑक्साइड असते, त्यातले पाणी उडताना गारवा येतो आणि खाज कमी होते. मात्र बाळाला ते डॉक्टरांना विचारून लावा. पू दिसला किंवा ताप आला, तर वाट पाहू नका.

नवा बाबा (चाळीसगाव)
धन्यवाद ताई. घरात तूर्त शांतता आहे. कूलर खोलीत हलवला आहे.

अमळनेरची मास्तरीण
कूलरचा विषय निघाला म्हणून लिहिते. त्याच्या थेट झोतात झोपले, की सकाळी माझे हात खरखरीत होतात. कोरड्या त्वचेच्या इतर कोणाला हे जाणवते का? तापीकाठताई, भाचीला दुकानातले जेलच हवे असेल, तर सुगंधविरहित आणि अल्कोहोलविरहित पाहून घ्यावे, आणि कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबावे. कुंडीतली कोरफड वापरायची असेल तर पान कापल्यावर उभे ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण तो चीक पुष्कळांना खाजतो. उरलेला पारदर्शक गर धुऊन फ्रिजमध्ये ठेवला, तर दुपारी शाळेतून आल्यावर लावायला बरा पडतो. बर्फ मात्र कधीच थेट चेहऱ्यावर घासू नये, फडक्यात गुंडाळूनच घ्यावा.

तापीकाठ (जळगाव)
मास्तरीणबाई, कूलरचा अनुभव मलाही आहे. मी झोत भिंतीकडे वळवते. भाचीने तुमचा प्रतिसाद वाचून बाटली धाकट्या भावाला देऊन टाकली आहे. त्याची त्वचा तेलकट आहे आणि त्याची अजून तरी काही तक्रार नाही. कोरडी त्वचा असलेल्यांनी सनस्क्रीन क्रीमच्या आधी लावता की नंतर, तेवढे लिहावे.

औषधांचे दुकान (धुळे)
क्रीम आधी लावावे, ते मुरू द्यावे, आणि शेवटी सनस्क्रीन लावावे.