मदत हवी आहे: आर्बोरिस्ट नोड मॉड्यूल्समधली जुनीच आवृत्ती सांगायलाय

आडतबाजार, लातूर

नमस्कार मंडळी. भुसार आडतीच्या पट्ट्या-बिलांचं सॉफ्टवेअर आहे, नोडवर (नोड डॉट जेएस, जावास्क्रिप्ट चालवणारं). उदगीरच्या गिऱ्हाइकाला यादी पाहिजे: त्याच्या मशीनवर प्रत्यक्ष कोणती पॅकेजं बसलीत, आवृत्ती काय, परवाना कोणता, कुणामुळं आलीत. लॉक फाइल (ठरलेल्या आवृत्त्यांची नोंद) चालणार नाही म्हणे. (पुतण्या पुण्याला आयटीत आहे, अट त्याची. पण मागणी रास्त आहे.)

नोड मॉड्यूल्स, म्हणजे पॅकेजं बसतात ते फोल्डर, फिरून काम भागत नाही. एनपीएम (पॅकेजं बसवणारं साधन) ३ पासून बहुतेक पॅकेजं वरच्याच पातळीवर सपाट मांडली जातात, त्यामुळं जागेवरून कोण कुणाचं ते कळत नाही. म्हणून आर्बोरिस्ट घेतलं, पॅकेजांचं झाड वाचणारी लायब्ररी. एनपीएम ७ पासून, म्हणजे २०२० पासून, एनपीएम स्वतः आतून तेच वापरतं. त्याचं लोडॲक्चुअल फंक्शन चालवलं की प्रत्येक पॅकेजचा नोड (झाडातली एक गाठ) मिळतो. एजेसइनमध्ये त्याला मागणारे, एजेसआउटमध्ये त्यानं मागितलेले.

आता अडचण. तारखा छापणाऱ्या एका पॅकेजमध्ये आधीच्या माणसानं तिथंच हात घालून दुरुस्ती केलीय आणि आवृत्तीपुढं 'लोकल' लिहिलंय. पॅकेजची माहितीफाइल, पॅकेज डॉट जेसन, उघडली तर दिसतं. माझा कोड मात्र जुनीच आवृत्ती देतो, बसलेली पॅकेजं दाखवणारी एनपीएम एलएस आज्ञासुद्धा तेच. कॅशे साफ करून झाली. हे वाचायलंय कुठून?

दुसरं, एफएसइव्हेंट्स हे पॅकेज मशीनवर नाही, तरी एजेसआउटमध्ये नाव येतंय. ते गहाळ धरायचं का?

गोदाकाठ, नांदेड

कॅशेचा संबंध नाही. नोड मॉड्यूल्सच्या आत टिंबानं सुरू होणारी लपलेली पॅकेज-लॉक फाइल असते, बघा. तिच्यातली सगळी फोल्डरं जागेवर असतील, जास्तीचं एकही नसेल आणि फाइलची वेळ सगळ्या फोल्डरांपेक्षा जुनी नसेल, तर लोडॲक्चुअल तिच्यावरच विश्वास ठेवतं. प्रत्येक पॅकेज उघडून बघत नाही, वेळ वाचवायला. आहे त्या फाइलवरच लिहिलं की फोल्डरची वेळ बदलत नाही, म्हणून तुमच्या माणसाची दुरुस्ती त्याला कळलीच नाही. काही एडिटर तात्पुरती फाइल करून नाव बदलतात, तेव्हा मात्र फोल्डरची वेळ बदलते आणि हेच प्रकरण आपोआप सुटलेलं दिसतं. डोकं फिरतं.

लोडॲक्चुअलला फोर्सॲक्चुअल खरं करून द्या. थेट डिस्कवरून वाचेल, जरा हळू.

एफएसइव्हेंट्स फक्त मॅकसाठी आहे. एजचा (एका मागणीची नोंद) टाइप ऑप्शनल, म्हणजे नसलं तरी चालेल असा, असेल तर टू (मागणीला मिळालेलं पॅकेज) रिकामं असूनही व्हॅलिड खरंच येतं. गहाळ शोधायचं तर व्हॅलिड तपासा, टू नको.

आणि एजेसआउटवरून रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं) करत असाल तर थांबवा. एकमेकांना मागणारी पॅकेजं निघतात, कोड गरगरत बसतो. यादीच पाहिजे ना? इन्व्हेंटरीवर, म्हणजे सगळ्या नोडच्या तयार यादीवर, फिरा.

आडतबाजार, लातूर

फोर्सॲक्चुअलनं 'लोकल' दिसलं! उदगीरला फोनवरच चालवून घेतलं. इन्व्हेंटरीपण घेतली, पण आमचं सामायिक मॉड्यूल, वर्कस्पेसमधलं (त्याच प्रकल्पात ठेवलेलं आमचंच पॅकेज), यादीत दोनदा येतंय. का?

गोदाकाठ, नांदेड

एक नोड म्हणजे नुसता दुवा (सिमलिंक), दुसरा म्हणजे खरं फोल्डर. इजलिंक खरं असेल तो नोड वगळा, त्याचं टार्गेट यादीत आहेच. फक्त 'कुणामुळं आलं' विचारताना दुव्याचं एजेसइन बघा, मागणारे तिथं जोडलेले असतात.