पुस्तक यायला आठ दिवस, स्पॉयलरपासून वाचायचं कसं?

सराफ्याचा_उल्लू: भिया लोक, सहा वर्षं वाट बघतोय ती फॅन्टसी कादंबरी पुढच्या शुक्रवारी येतेय, प्रीऑर्डर झालीये, पण काल इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत पोहे खाताना शेजारी दोन पोरं "अरे तो मरतो ना" करत बसली, मी प्लेट तशीच सोडून पळालो (जीरावन मसाला टाकलेले गरम पोहे, विचार करा!). काय करू?

पोहेजलेबी: एक्सवर पात्रांची नावं म्यूट कर, चुकीच्या स्पेलिंगसकट. फोटोतला मजकूर मात्र म्यूट होत नाही हं. हॅरी पॉटरचा सातवा भाग २१ जुलै २००७ ला आला ना, त्याच्या आधीच पानांचे फोटो नेटवर फिरत होते.

राजवाड्याची_काकू: कमेंट्स उघडूच नको रे, क्रिकेटच्या व्हिडिओखालीही कोणीतरी टाकून जातं. आणि फॅमिली ग्रुप! माझ्या भाच्याने मागच्या वेळी "हॅपी बर्थडे मावशी"च्या खाली सरळ शेवटच लिहून टाकला, अजून बोलत नाही मी त्याच्याशी.

सराफ्याचा_उल्लू: काकू 😂 आणि डिलिव्हरीच उशिरा आली तर?

पोहेजलेबी: फोन आईकडे दे. माझा दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता.