तीन सिस्टिम, एक स्क्रिप्ट: कोणता शेल घेऊ?

लुकलुकता_कर्सर: ऑफिसात विंडोज, घरी मॅक, सर्व्हरवर लिनक्स. लॉग फायलींतून एरर शोधायच्या आणि तारखेनुसार वेगळ्या करायच्या, काम एवढंच. तिन्हीकडे एकच स्क्रिप्ट चालेल असा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) सुचवा. अट एकच: ऑफिसच्या मशीनवर नवीन काही टाकायची परवानगी नाही.

जुना_टर्मिनल: डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) टाका, विषय संपला. दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल आहे. मी कधीपासून तेच वापरतोय.

पाइपवाला: टाका म्हणे! अट वाचली का? आणि डब्ल्यूएसएल २ मधून सी ड्राइव्हवरच्या फायली वाचायला गेलात की वेग पार बसतो.

चावलेलं_सफरचंद: ऑफिसातही मॅकच मागून घ्या. आत युनिक्स आहे, सगळं तयार मिळतं.

पाइपवाला: मिळतं, पण जुनं. तिथलं बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) ३.२ वरच थांबलंय, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला. २०१९ च्या कॅटालिनापासून डीफॉल्ट शेल झेडशेल. मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडला ‘डॅश आय’ द्या: लिनक्सवर फाइल जागेवर बदलते, मॅकवर पुढचा शब्द बॅकअपचं एक्स्टेन्शन धरला जातो. तारखेचं गणित करायला लिनक्सच्या डेट कमांडला ‘डॅश डी’ लागतं, मॅकच्या डेटला ‘डॅश व्ही’. तुमचं कामच तारखांचं, तिथेच अडकाल.

फिश_एके_फिश: फिश शेल वापरून बघा. रंग, सूचना, सगळं आपोआप. माझं टर्मिनल बघून लोक विचारतात.

जुना_टर्मिनल: फिश पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमचं ठरलेलं मानक) पाळत नाही. बॅशची स्क्रिप्ट त्यात तशीच्या तशी चालेलच असं नाही. म्हणून म्हणतो, डब्ल्यूएसएल टाका.

निळी_खिडकी: मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलचं नाव कुणी घेईना! २०१६ पासून मुक्तस्रोत, तिन्हीकडे चालतं. पाइपमधून मजकुराऐवजी ऑब्जेक्ट जातात, त्यामुळे ऑक (ओळींतले रकाने वेगळे करणारी कमांड) घेऊन रकाने मोजायला नकोत.

पाइपवाला: विंडोजसोबत ५.१ येतं, ते फक्त विंडोजचं. त्यात कर्ल (वेबवरून माहिती आणणारी कमांड) टाइप केलं तर खरं कर्ल चालतच नाही, इन्व्होक-वेबरिक्वेस्ट चालतं.

निळी_खिडकी: मग ऑफिसात ५.१ राहू दे, बाकी दोन्हीकडे ७ टाका. साधी स्क्रिप्ट दोन्हींत चालते. तुम्हाला खोडच काढायची असेल तर काढा.

रिकामी_ओळ: ऑफिसात गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आहे का? असेल तर गिट बॅश बहुतेक आधीच आलेलं असणार, सोबत मजकूर शोधणारं ग्रेप, सेड, ऑकही. फक्त ओळींचे शेवट सांभाळा. विंडोजच्या सीआर-एलएफ (दोन अदृश्य खुणांच्या) शेवटांसह सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून थांबते.

चावलेलं_सफरचंद: गिट बॅश आहे ना मग. मी तेच सांगणार होतो.

लुकलुकता_कर्सर: सगळ्यांचे आभार. गिट आहे, पण पाहिलं तर ऑफिसच्या विंडोजमध्ये एसएसएचही (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारं साधन) आधीपासून आहे. लॉग एससीपीने (एसएसएचवरून फायली पाठवणारी कमांड) सर्व्हरवर पाठवणार आणि स्क्रिप्ट फक्त तिथेच चालवणार. सेड एकच, डेट एकच.

जुना_टर्मिनल: मग धागा काढला कशाला?

फिश_एके_फिश: सर्व्हरवर फिश टाकता येईल की!