युरिन कमी पण क्रिएटिनिन नॉर्मल, मग किडनी ठीक धरायची का?

नाईटवाली: तीन आठवडे झाले मला वॉर्डातून एचडीयूला, म्हणजे वॉर्ड आणि आयसीयूच्या मधल्या युनिटला टाकलंय. काल नाईटला एक डायबेटिक आजोबा होते, वजन 60 किलो, युरिन तासाला 20 एमएलच्या वर जाईचना, सहा तास हेच चाललेलं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळते) 1.1 आहे, नॉर्मल आहे, सकाळी बघू. मला काय ते पटलं नाही पण बोलताही येईना. तुम्ही काय केलं असतं?

जुनी_सिस्टर: आधी कॅथेटर, लघवीची नळी, बघितलास का गं? नळी मांडीखाली दबलेली असते नाहीतर ब्लॉक झालेली असते आणि आपण लॅसिक्सच्या (लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या) ऑर्डरची वाट बघत बसतो. ओटीपोट टम्म लागतंय का तेही बघ. ते ठीक असेल तर हिशेब सोपा आहे, किलोला तासाला अर्धा एमएल, म्हणजे आजोबांना 30 तरी हवी. सहा तास त्याखाली म्हणजे एकेआय, किडनीला अचानक इजा, धरायचं. क्रिएटिनिन मेलं एक-दोन दिवस उशिराच चढतं.

नाईटवाली: नळी मोकळी होती ताई, पोटही मऊ. आत्ता जुने रिपोर्ट काढले, परवा क्रिएटिनिन 0.7 होतं.

डायलिसिस_ब्रदर: मग झालंच की! 48 तासांत 0.3 वाढलं तरी एकेआय, इथं 0.4 वाढलंय. लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांना एकच, पेशंटचं कालचं-परवाचं आपणच बघायचं. आणि फोनवर नुसतं युरिन कमी आहे म्हणू नका, आकडे सांगा, 60 किलो, सहा तासांत 120 एमएल, क्रिएटिनिन 0.7 वरून 1.1, बीपी, पोटॅशियम, अमिकासिन (किडनीला त्रास देऊ शकणारं अँटिबायोटिक) चालू असेल तर पुढचा डोस द्यायचा का ते विचारा, नोट्समध्ये वेळ टाका. किडनी मंदावली की पोटॅशियम साठतं आणि हार्टला धोका होतो; ते चढलं किंवा मॉनिटरवर टी वेव्ह (हार्टच्या आलेखातला एक उंचवटा) टोकदार दिसली तर लगेच ईसीजी. कॅल्शियम ग्लुकोनेटने पोटॅशियम उतरत नाही, ते फक्त हार्ट सांभाळतं. पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-डेक्स्ट्रोज (डेक्स्ट्रोज म्हणजे साखर) दिलं की निदान सहा तास शुगर तासातासाला बघा, किडनी मंदावली की इन्शुलिन रेंगाळतं, शुगर पडून पहाटे पेशंट घामाघूम सापडतो.

जुनी_सिस्टर: आणि नातेवाईकांची पिशवी बघत जा! शहाळं थंड असतं म्हणून पाजतात, त्यात पोटॅशियम किती असतं ते कोणी सांगतच नाही त्यांना.

नाईटवाली: अमिकासिन होतंच, राऊंडला बंद केलं, नेफ्रोला (किडनीच्या डॉक्टरांना) कॉल गेलाय. आणि ताई, लॉकरवर दोन शहाळी होती.